आगगाडी, मोटार आणि होडी

प्रवासास निघावयाचें म्हणजे हल्लीं सुशिक्षित कुटुंबांना दोनच मार्ग सुचतात. एक, यात्रा-कंपनीकडे पैसे भरून मोकळें व्हावयाचें. दुसरा, भाड्याची मोटार दाराशीं आणून उभी करावयाची. दोहोंतहि आपल्या डोक्यास त्रास नाहीं, हा मोठाच गुण आहे; आणि दोहोंतहि आपल्या डोक्यास कांहीं कामच उरत नाहीं, हा आमच्या मतें तितकाच मोठा दोष आहे. आगगाडी, एस. टी.ची मोटार आणि गांवच्या नावाड्याची होडी यांचे सांधे आपल्या हातांनीं जुळवून जाण्याचा एक तिसरा मार्ग आहे. त्यास पैसा थोडा लागतो, पण विचार पुष्कळ लागतो. आणि एकत्र कुटुंबांत विचार म्हटला कीं अकरा माणसांचे अकरा विचार होतात. तो सारा प्रकार आमच्या घरीं नुकताच यथासांग घडला.

जावयाचें होतें तें ठिकाण दूर नव्हतें. परभणी जिल्ह्याबाहेर पाऊलहि टाकावयाचें नव्हतें. 'जगांत जर्मनी आणि भारतांत परभणी' असें आमच्याकडील लोक अर्धें अभिमानानें आणि अर्धें थट्टेनें म्हणत असले, तरी सुटी लागली कीं हेच लोक कोंकणांत नाहींतर महाबळेश्वरास पळतात. परभणींत पाहण्यासारखें काय आहे, या प्रश्नाचें आमचें उत्तर एकच : गोदावरी. आमच्या भागांत तिला कोणी गोदावरी म्हणत नाहीं, गंगाच म्हणतात. गंगाखेडचें नांव त्यावरूनच पडलें. पश्चिमेकडून जिल्ह्यांत शिरल्यापासून नांदेडच्या हद्दींत जाईपर्यंत ती काळ्या जमिनींतून सावकाश वळणें घेत वाहते. पाथरी तालुक्यांत मुदगल येथें तिच्या पात्रांतच महादेवाचें देऊळ उभें आहे. पुराच्या दिवसांत त्यास पाण्याचा वेढा पडतो. संत जनाबाईचें जन्मगांव गंगाखेड तिच्या कांठीं, आणि त्याच तालुक्यांतील धारासूरचें गुप्तेश्वराचें कोरीव देऊळहि तिच्याच कांठीं. पुढें पालम तालुक्यांत नदी दुभंगते आणि मधोमध एक हिरवें बेट सोडते. त्यावर जांभळीचीं झाडें दाट, म्हणून तें जांभूळबेट. तेथें मोर आहेत. आणि पात्र भरलेलें असतां तेथें जाण्यास होडीवांचून गति नाहीं.

या बेटावर जाण्याचा हट्ट आमच्या आत्याबाईंचा. त्यांचें वय एकुणऐंशीं. आमचे आजोबा पालमकडील एका नदीकांठच्या खेड्यांत शाळामास्तर होते आणि आत्याबाईंचें बालपण तेथेंच गेलें. मराठवाडा मुंबई राज्यांत आला त्याच्या पुढच्या वर्षीं, म्हणजे १९५७ सालीं, त्या आपल्या भावंडांबरोबर होडींतून बेटावर गेल्या होत्या. त्याच वर्षीं आजोबांची बदली परभणीस झाली, आणि तीस कोसांच्या आंत असलेलें तें बेट पुढें अडुसष्ट वर्षें त्यांच्या दृष्टीस पडलें नाहीं. लग्न, वैधव्य, भावाचा संसार, आमचीं लग्नें, मग आमच्या मुलांचीं. या साऱ्यांतून सवड काढून एका बेटावर जावें असें कोणा बाईला आपल्याकडे वाटतच नाहीं. आणि वाटलें, तरी ती बोलून दाखवीत नाहीं.

गेल्या दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांस काचबिंदु झाला आहे. मोतीबिंदु काढतां येतो. काचबिंदूनें गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं, उरलेली औषधाच्या थेंबांनीं राखावयाची एवढेंच हातीं असतें. प्रथम दोहों बाजूंचें दिसेनासें होतें, समोरचें पुष्कळ दिवस दिसत राहतें, आणि अंधुक उजेडांत अधिक अडतें. डॉक्टरांनीं हें समजावून सांगितलें त्या रात्रीं आत्याबाई कांहीं बोलल्या नाहींत. चार दिवसांनीं देवापुढें निरांजन लावतां लावतां म्हणाल्या, "अरे, तें बेट एकदां बघून येऊं या. दिसतंय तोंवर." पुढल्या वर्षीं पाहूं असें म्हणण्याची सोय त्यांच्या शेवटच्या दोन शब्दांनीं राहूं दिली नाहीं.

त्याच रात्रीं जेवणें आटोपल्यावर ओसरीवर सभा भरली. आमच्या वडील बंधूंनीं आपला पक्ष प्रथमच मांडला : दोन जीपा भाड्यानें घ्याव्या, सकाळीं निघावें, संध्याकाळीं परत. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. अधू दृष्टीच्या म्हाताऱ्या माणसास तीन वाहनांत चढविणें-उतरविणें म्हणजे तीन ठिकाणीं पडण्याची भीति. आमचा पक्ष असा, कीं जीपमध्यें माणूस एकदां कोंबला कीं त्यास उठतां येत नाहीं कीं पाय पसरतां येत नाहींत. आगगाडींत उभें राहतां येतें, चार पावलें फिरतां येतें आणि शौचाचीहि सोय असते. दोन जीपांत घर दोन ठिकाणीं विभागलें जातें. डब्यांत सगळीं समोरासमोर बसतात. शिवाय गंगाखेडच्या अलीकडे आगगाडी गोदावरीच्या पुलावरून जाते, आणि तेथून नदी जशी दिसते तशी रस्त्यावरून दिसत नाहीं. हा वाद तीन रात्रीं चालला. तो आत्याबाईंनीं मिटविला : "मी आले तेव्हां गाडीनं आले होते. जायचं तर गाडीनंच." वडील बंधु गप्प बसले, परंतु गरज पडल्यास बोलावतां येईल अशी एक जीप पालमला सांगून ठेवण्याची अट त्यांनीं मान्य करून घेतली. ती अट शहाणपणाचीच होती.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त कांहीं काळ स्वित्झर्लंडांत राहून आला आहे. त्याचें म्हणणें, तिकडे असा वाद होतच नाहीं. १९८२ सालीं तेथें साऱ्या देशाच्या आगगाड्यांचें वेळापत्रक एका तालावर बसविण्यांत आलें. गाडी स्टेशनांत येते तों बाहेर टपालखात्याची पिवळी मोटार उभी असते आणि सरोवराच्या धक्क्यावर आगबोट. प्रवाशानें फक्त उतरावें आणि चढावें. आम्हांस हें ऐकून हेवा वाटला, पण थोडें आश्चर्यहि वाटलें. कारण आगगाडी आणि मोटार एका हातीं असण्याचा काळ आमच्या मराठवाड्यानेंहि पाहिलेला आहे. सिकंदराबाद-मनमाड ही गोदावरीच्या खोऱ्यांतील लोहमार्गाची ओळ निजामाच्या राज्यांत विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं सुरू झाली; आणि पुढें १९३२ सालीं त्या राज्यांत प्रवासी मोटारी निघाल्या त्या रेल्वेचीच शाखा म्हणून, अवघ्या २७ मोटारींनिशीं. १९५१ सालीं रस्त्याचें खातें रेल्वेपासून वेगळें झालें. तेव्हांपासून सांधे जुळविण्याचें काम प्रवाशाकडे आलें तें आजतागायत त्याच्याकडेच आहे.

तें कसें करावें याविषयीं घरांत जें ठरलें तें असें. आपण आखणी करतों ती नेहमीं निघण्याच्या बाजूनें : गाडी अमक्या वेळीं सुटते, मग मोटार, मग होडी. ही रीत उलटी आहे. ज्या सांध्याला दुसरा पर्याय नाहीं तो आधीं पक्का करावयाचा आणि मग तेथून मागें मागें घराकडे यावयाचें. गाडी चुकली तर परभणीहून गंगाखेडास मोटारी पुष्कळ आहेत. गंगाखेड-पालम मोटार चुकली तर तासाभरानें दुसरी मिळते. होडीला मात्र दुसरी होडी नाहीं. म्हणून आरंभ होडीपासून, आणि होडीचाहि आरंभ परतीच्या खेपेपासून. आत्याबाईंच्या बाबतींत तर आणखी एक घड्याळ होतें. मार्गशीर्षांत आमच्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि तिन्हीसांजेस त्यांना पायरी दिसत नाहीं. तेव्हां सगळ्या चढउतारी उन्हांत झाल्या पाहिजेत.

मार्गशीर्षच कां, हाहि एक वादच होता. मुलांना ज्येष्ठांत जावयाचें होतें. तेव्हां जांभळें पिकतात. पण वैशाखाच्या शेवटचें परभणीचें ऊन आणि लागलीच मृगाचा वारा-पाऊस, यांमध्यें म्हाताऱ्या माणसासाठीं मोकळा दिवस शोधणें म्हणजे सुईच्या नेढ्यांतून दोर ओवणें. पावसाळ्यांत तर नांवच नको. पालमकडे लेंडी नदी भरली कीं कांठच्या खेड्यांची वाट तुटते. आणि गोदावरीचें पाणी केवळ आपल्या आभाळावर अवलंबून नसतें. पैठणचें जायकवाडी धरण भरून दरवाजे उघडले, सिंदफणेवरच्या माजलगांवचें पाणी सुटलें, कीं येथें निरभ्र आकाशाखालीं नदी चढते. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत जी अतिवृष्टि झाली, तिच्यानंतर तर घरांतील कोणासहि हें सांगावें लागलें नाहीं. मार्गशीर्षांत पूर ओसरलेला असतो, पात्रांत पाणी भरपूर असतें, कपाशीची वेचणी चाललेली असते आणि ज्वारी गुडघ्यापर्यंत हिरवी झालेली असते. जांभळें नसतात. मुलांनीं तेवढें सोसलें.

एवढें ठरल्यावर आम्ही आणि पुतण्या असे दोघे एका रविवारीं आगाऊ पाहणीस गेलों. वेळापत्रक कागदावर वाचून कळत नाहींत अशा गोष्टी तेथें कळल्या. गंगाखेडच्या फलाटावरून मोटारतळावर जावयास रिक्षा लागते. मोटारीची पहिली पायरी आत्याबाईंच्या गुडघ्यास उंच पडेल, तेव्हां एक लहान पाट बरोबर घ्यावा. पालमाहून कांठापर्यंतची वाट ॲपे रिक्षाची. खड्डे आहेत, पण धिम्या गतीनें चालेल. सगळ्यांत महत्त्वाची गांठ नावाड्याची. आमचा बेत दुपारीं बारा वाजतां होडींत बसण्याचा होता. त्यानें तो क्षणांत मोडला. "काका, दुपारच्याला वारं सुटतंय. म्हातारं माणूस हाय म्हणता, तर सकाळच्याला या. वारं आलं की म्या नाव सोडत नसतो." किती माणसें एका खेपेस घेतोस, असें विचारलें. सहा, असें त्यानें उत्तर दिलें. दहा बसतील ना, असें आम्ही मुद्दाम विचारून पाहिलें. "बसतील की. पर म्या घेणार नाही." त्या उत्तरावर आम्ही होडी पक्की केली.

नावाड्याच्या त्या एका वाक्यानें सगळी आखणी बदलली. सकाळीं नऊ-दहाला कांठावर असावयाचें तर परभणीहून मध्यरात्रीं उठावें लागतें. म्हणून आदल्या दिवशीं दुपारच्या गाडीनें गंगाखेडास जावें, नातलगांच्या घरीं मुक्काम करावा, पहाटे घाटावर गंगेचें दर्शन आणि जनाबाईचें देऊळ करावें, आणि सकाळच्या मोटारीनें पालम गांठावें, असें ठरलें. परततांना आगगाडीसाठीं खोळंबावयाचें नाहीं, एस. टी.नेंच घरीं यावयाचें. दुपारच्या गाडीचा एक अनपेक्षित लाभ असा, कीं पूल उजेडीं लागणार होता. पाणी चढलें, वारा सुटला, आत्याबाईंना बरें वाटेनासें झालें, तर काय, याचाहि निर्णय आधींच करून ठेवला : गंगाखेडचा घाट म्हणजेच प्रवासाचा शेवट समजावयाचा आणि कोणीं तोंड वांकडें करावयाचें नाहीं. हें सर्व पुतण्यानें एका फुलस्केप कागदावर लिहून तो स्वयंपाकघराच्या दारास चिकटविला. स्वयंपाकघराच्या दारास लावलेला कागदच घरांत सर्वजण वाचतात, असा आमचा अनुभव आहे.

खर्चाचा हिशेब वडील बंधूंनीं मांडला आणि तो मांडतांना त्यांची जीपविषयींची आसक्ति बरीच कमी झाली. एस. टी.मध्यें पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस २०२२ पासून तिकीट नाहीं आणि २०२३ पासून स्त्रियांस अर्धें तिकीट. म्हणजे आत्याबाई फुकट, आणि आमच्या सौ., वहिनी व दोन्ही सुना निम्म्यांत. रेल्वेंत ज्येष्ठ नागरिकांस पूर्वीं सवलत असे, ती २०२० च्या मार्चमध्यें बंद झाली. पण तासाभराच्या साध्या डब्याच्या भाड्याची तक्रार करण्यासारखें त्यांत कांहीं नव्हतें. सवलतीसाठीं आधार-कार्ड मात्र जवळ लागतें. तें आत्याबाईंनीं पोथीच्या फडक्यांत बांधून घेतलें.

शिदोरीचें खातें स्त्रियांनीं आपल्याकडे घेतलें आणि त्यांत पुरुषांचें मत विचारलें नाहीं. आत्याबाई बाहेरचें खात नाहींत. त्यांच्यासाठीं दुधांत भिजविलेल्या कणकेच्या दशम्या. जुन्या बायकांच्या सोवळ्यास प्रवासांत एवढी सवड शास्त्रानें नव्हे तरी रूढीनें दिलेली आहे. इतरांसाठीं धपाटे, तिळाची चटणी, लोणचें, दही. पाण्याचे दोन मोठे थर्मास. गंगेची ओटी भरण्याचें सामान वेगळ्या पिशवींत, आणि धाकट्या सुनेच्या आग्रहावरून त्या पिशवींत प्लॅस्टिकचें कांहींहि नाहीं. पुतण्यानें सहा लाइफ-जाकिटें मागवून ठेवलीं होतीं. तीं घरीं आलीं त्या दिवशीं आत्याबाईंनीं नऊवारीवर एक चढवून आरशासमोर उभें राहून पाहिलें आणि म्हणाल्या, "चिलखतच कीं रे हें!" पण काढलें मात्र नाहीं, सबंध संध्याकाळ त्या तें घालून माजघरांत वावरत होत्या.

दोघे घर राखावयास राहिले, आणि आम्ही नऊ माणसें निघालों. गाडींत आत्याबाईंना खिडकी दिली. पोखर्णी मागें पडली तेव्हां ऊन कलतें झालें होतें. पूल आला तशी चाकांची धडधड बदलली आणि त्या बोलायच्या थांबल्या. पूल सरेपर्यंत त्यांनीं समोरच्या पाण्यावरून दृष्टि काढली नाहीं. काय दिसलें, असें कोणी विचारलें नाहीं, आणि त्यांनीं सांगितलेंहि नाहीं.

दुसऱ्या दिवशीं कांठावर पोहोंचलों तों नदी जागेवर नव्हती. थंडीच्या दिवसांत आमच्याकडील पारा महाराष्ट्रांतील नीचांकांत उतरतो, आणि अशा सकाळीं पाण्यावरून धुकें उठतें, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु कागदावर तें कोणींच धरलें नव्हतें. पांढऱ्या पडद्यापलीकडे बेट आहे एवढें मानावयाचें. नावाडी विडी ओढीत बसून राहिला. धुकें उठेपर्यंत तो नाव सोडीना, आणि वारा सुटण्याच्या आंत परतावयाचें तर वेळ हातांतून चाललेला. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. वडील बंधूंनीं आमच्याकडे पाहिलें. घाटावरच शेवट समजावयाचा हा नियम त्यांनींच कागदावर लिहविला होता. आत्याबाई पाटावर बसून होत्या. "सुटेल," एवढेंच म्हणाल्या. "तेव्हांहि असंच होतं."

पावणेदहाच्या सुमारास ऊन लागलें आणि धुकें पाण्यावरून गुंडाळत गेलें. पहिल्या खेपेस सहाजण : आत्याबाई मध्यें, खालीं बसलेल्या, दोहों बाजूंस दोन सुना, पुढें पुतण्या, मागें आम्ही आणि आमची दहा वर्षांची नात. वल्ह्याच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता. बेट जवळ आलें तेव्हां आत्याबाई म्हणाल्या, "केवढंसं राहिलंय रे." तें खरोखरच झिजलें कीं अकरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांनीं तें मोठें पाहिलें होतें, हें आम्हांस सांगतां येणार नाहीं. उतरतांना त्यांनीं कोणाचा हात धरला नाहीं, पाट धरला.

बेटावर आम्ही तासभर होतों. जांभळीच्या सावलींत दशम्या सोडल्या. मोर दिसला तो डाव्या हातास, झाडोऱ्याच्या कडेस. सगळीं तिकडे वळून पाहूं लागलीं. आत्याबाई मात्र समोरच पाहत राहिल्या, कारण डावीकडचें त्यांना दिसतच नव्हतें. आमच्या नातीनें तें ओळखलें. ती उठली, त्यांच्या मागें गेली, दोन्ही खांदे धरून तिनें त्यांना हळूच वळविलें, आणि त्यांच्या कानाशीं म्हणाली, "आत्याआजी, आतां सरळ बघा." मोर बराच वेळ तेथें होता.

सव्वाअकराच्या सुमारास झाडांचे शेंडे हलूं लागले, तेव्हां नावाड्यानें हांक मारली. दोन खेपांत सारे अलीकडे आलों. जीप बोलवावी लागली नाहीं. चारच्या आंत घरीं पोहोंचलों. ऊन अद्याप अंगणांत होतें.

स्वयंपाकघराच्या दारावरचा कागद कोणीं काढला नाहीं, नुसता उलटा करून लावला आहे. मागल्या कोऱ्या बाजूस वहिनींच्या अक्षरांत 'धारासूर' असें लिहिलें गेलें आहे, आणि त्याखालीं आत्याबाईंनीं कोणाकडून तरी 'माघ' असें लिहवून घेतलें आहे. गंगाखेडाहून तिकडे मोटार किती वाजतां सुटते, आणि परत शेवटची केव्हां, हें अजून कोणी पाहून आलेलें नाहीं. येत्या रविवारीं पुतण्या मोकळा आहे.